आपल्या कामाची बातमी, आपल्या माणसांची मुलाखत

(दादर येथे आपल्या हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण. वाचकांच्या सोयीसाठी थोडे संक्षिप्त केले आहे.)



आम्ही पाच-सहा जण मिळून संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी मराठीत बातम्या आणि मुलाखतींचे एक संकेतस्थळ सुरू करण्याच्या तयारीत आहोत. ते कशासाठी आणि कसे, हे आपल्यापुढे मांडावे असे मला सांगण्यात आले आहे. विषय ऐकून काहींना वाटले असेल की हे आमच्या उपयोगाचे नाही. पण या सभागृहात असे घर क्वचितच असेल, ज्यातला एखादा मुलगा, सून, भाचा किंवा नात संगणकावर पोट भरत नाही. आपल्या वसतिगृहांतून शिकून गेलेली कितीतरी मुले आज हेच काम करतात. तेव्हा हा विषय आपल्या घरातलाच आहे.

प्रोग्रॅमर म्हणजे कोण, हे आधी सोप्या शब्दांत सांगतो. संगणक स्वतः विचार करत नाही. त्याला एकेक पायरी लिहून द्यावी लागते. रेल्वेचे तिकीट काढताना, बँकेतून पैसे पाठवताना, रुग्णालयात केसपेपर काढताना मागे कोणीतरी या पायऱ्या लिहून ठेवलेल्या असतात. त्या लिहिणारा तो प्रोग्रॅमर. गवंड्याचे किंवा सुताराचे असते तसे हे कसबाचे काम आहे, आणि प्रत्येक कसबी माणसाला आपल्या धंद्यातली बातमी वेळेवर लागते.

ती किती लागते याचे एक अलीकडचे उदाहरण देतो. २९ मार्च २०२४. त्या दिवशी उत्तम शुक्रवार होता, आपण सगळे उपासनेत होतो. त्याच दिवशी आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका प्रोग्रॅमरने एक बातमी जाहीर केली. तो आपल्या वेगळ्याच कामाची चाचणी घेत होता. तेव्हा त्याच्या लक्षात आले की दूरच्या संगणकात शिरायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणी दुर्लक्ष केले असते. त्याने मात्र खोदकाम केले आणि त्याला आढळले की फाइली दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी गुपचूप चोरवाट ठेवली आहे. ती तशीच राहिली असती, तर जगभरच्या असंख्य संगणकांत परक्याला शिरता आले असते.

ही चोरवाट आली कशी, तेही ऐका. ते सॉफ्टवेअर सर्वांना फुकट वापरता येते. त्याची देखभाल मुख्यतः एकच माणूस, तीही बिनपगारी, कित्येक वर्षे करत होता. तो थकला होता. त्याच्यावर बाहेरून दबाव येत होता की काम लवकर का होत नाही. अशा वेळी एक मदतनीस पुढे आला, दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून त्याने विश्वास मिळवला, किल्ल्या हातात आल्यावर ही चोरवाट घातली. तो मदतनीस खरा कोण होता, हे आजवर उघड झालेले नाही.

आता पाहा. रोजच्या वर्तमानपत्रात अशी बातमी आली तर ती ‘सायबर धोका टळला’ एवढीच येते. सर्वसामान्य वाचकाला तेवढे पुरते. पण परळमधल्या एखाद्या रुग्णालयाची यंत्रणा सांभाळणाऱ्या पोराला त्या दिवशी काय हवे होते? कोणती आवृत्ती बाधित आहे? ५.६.० आणि ५.६.१. माझ्या संगणकावर ती आहे का, हे कसे पाहू? असेल तर आज रात्री काय करू? ही त्याची बातमी. आणि महिनाभराने त्याला आणखी एक गोष्ट हवी असते. त्या एकट्या थकलेल्या माणसाची कहाणी. कारण उद्या तोही कुठेतरी एकट्यानेच काही सांभाळत असणार आहे. पहिल्या गोष्टीला बातमी लागते, दुसरीला मुलाखत.

बंधू-भगिनींनो, एका वर्गासाठी त्याच्या भाषेत पत्र काढायचे, ही आपल्या शहराला नवी गोष्ट नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला मराठी असे ते पत्र होते. नवे ज्ञान इंग्रजीत येत होते, त्याचे दार मराठी माणसाला उघडावे, ही त्यामागची इच्छा होती. १८४० मध्ये ‘दर्पण’ थांबले, पण त्याच वर्षी त्यांनी ‘दिग्दर्शन’ मासिक काढून भूगोल, शास्त्र, इतिहास असे विषय मराठीत आणले. जून १८४२ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केला, तो पुढे मुंबईहून निघू लागला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याच्या मराठी विभागाचे संपादन केले, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे.

पण आमच्या कामाला सर्वांत जवळचे उदाहरण मला ‘दीनबंधू’चे वाटते. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी ते पुण्यात सुरू केले. पुढे पैशाच्या अडचणीमुळे ते चालवणे कठीण झाले. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते हाती घेतले आणि ते मुंबईतून निघू लागले. लोखंडे स्वतः कापड गिरणीत भांडारपाल म्हणून काम केलेले. कामगार किती वाजता आत जातो, किती वाजता बाहेर येतो, पगार किती दिवस रखडतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. म्हणून गिरणीतली हकिकत ते गिरणीतल्या माणसाच्या नजरेने लिहू शकले. गिरणी कामगारांची गाऱ्हाणी ‘दीनबंधू’तून सातत्याने छापली जाऊ लागली.

त्यातून पुढे काय झाले? सप्टेंबर १८८४ मध्ये, इथून हाकेच्या अंतरावर, परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा झाल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. मागण्या अगदी साध्या होत्या. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या ठरलेल्या वेळा, पगार महिन्याच्या ठरावीक तारखेपर्यंत, कामावर जखमी झालेल्याला मदत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. आपण रविवारी निवांतपणे उपासनेला येतो. गिरणगावातल्या कामगाराला तो रविवार मिळाला, त्यात एका छोट्या साप्ताहिकाचाही वाटा होता. १८९७ च्या प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करताना लोखंडे स्वतः त्या रोगाला बळी पडले.

आता संगणकाकडे येतो. भारतातला पहिला पूर्ण देशी बनावटीचा मोठा संगणक ‘टिफ्रॅक’ याच मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला आणि १९६० मध्ये कामाला लागला. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. १९६५ मध्ये कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. १९६८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस मुंबईतच सुरू झाली, आणि फकीरचंद कोहली यांनी ती वाढवली. म्हणजे प्रोग्रॅमर ही जात मुंबईला साठ-पासष्ट वर्षे परिचित आहे.

पण त्यांना बातमी कशी मिळत होती? मी १९८० च्या दशकात हे काम शिकलो. आमचे वडील लालबागच्या एका गिरणीत साचे चालवत. घरात संगणक हा शब्दच नव्हता. मी ज्या कचेरीत लागलो तिथे माहितीपुस्तके कपाटात कुलूपबंद असत, आणि किल्ली साहेबांकडे. परदेशी मासिके महिनोन्महिने उशिरा येत. शनिवारी अर्धा दिवस काम संपले की आम्ही दोघे-तिघे फाउंटनच्या फुटपाथवर जुने अंक धुंडाळायचो. नाहीतर गिरगावच्या मागे लॅमिंग्टन रोडला जाऊन सुट्या भागांच्या दुकानांत उभे राहायचो. तिथला दुकानदार हाच आमचा वार्ताहर. कोणती नवी चिप आली, कोणाकडे कोणत्या पुस्तकाची झेरॉक्स आहे, कोणत्या कंपनीत माणसे घेतात, हे सगळे तिथे कळायचे. ज्याच्या पायात चालण्याचे बळ आणि तोंडात इंग्रजी, त्याला बातमी. बाकीच्यांनी वाट पाहायची.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. हळूहळू कुलूप निघाले. आज कोणतीही माहिती खिशातल्या फोनवर येते. तरी वाट पाहणारे संपलेले नाहीत. माहितीचा डोंगर आहे, पण तो इंग्रजीत आहे. शिवाय त्यात आपल्यासारखा माणूस दिसत नाही. यशस्वी प्रोग्रॅमर म्हणून जो दिसतो तो कॅलिफोर्नियातला तरी असतो किंवा मोठ्या संस्थेतून शिकलेला. ज्याने दहावीपर्यंत मराठीत शिकून, नंतर आयटीआय किंवा डिप्लोमा करून, दादरच्या एखाद्या क्लासमध्ये संध्याकाळी प्रोग्रॅमिंग शिकले, त्याची हकिकत कुठेच नाही.

आपल्या महाराष्ट्रात या दिशेने चांगले प्रयत्न झाले आहेत, त्यांचा उल्लेख करायलाच हवा. पुण्यात हर्षद ओक यांनी ‘इंडिकथ्रेड्स’ सुरू केले. ते स्वतः जावा या संगणकभाषेतले जाणकार आणि पुस्तकांचे लेखक. प्रोग्रॅमरांसाठी बातम्या, लेख, मुलाखती अशी त्याची मांडणी होती. २००६ मध्ये त्यातून परिषद उभी राहिली आणि वाचक समोरासमोर भेटू लागले. २००८ मध्ये पुण्यातच नवीन काबरा आणि अमित परांजपे यांनी ‘पुणेटेक’ सुरू केले. आपल्या शहरात तंत्रज्ञानाचे कोणते काम चालले आहे, ते कोण करते आहे, कुठे कोणता कार्यक्रम आहे, हे लोकांना कळावे एवढाच त्यांचा हेतू होता, नफ्याचा नव्हता. या दोन्ही प्रयत्नांतून आम्ही एक गोष्ट उचलली. काढणारे स्वतः त्या धंद्यातले होते. लोखंड्यांच्या बाबतीतही तेच होते. बाहेरून पाहणाऱ्याला कौतुक करता येते, पण नेमका प्रश्न विचारता येत नाही. हे दोन्ही प्रयत्न इंग्रजीत होते. आम्ही मराठीत करणार आहोत, एवढाच फरक.

आता कसे करणार ते सांगतो. बातमीबद्दल आम्ही तीन नियम ठरवले आहेत. पहिला, मूळ ठिकाणी जाऊन वाचल्याशिवाय काही लिहायचे नाही. एकाने लिहिले म्हणून दुसऱ्याने उतरवले, हे चालणार नाही. दुसरा, प्रत्येक बातमीच्या शेवटी ‘मग मी काय करू?’ याचे उत्तर असले पाहिजे. काही करायचे नसेल तर ‘घाबरू नका, काही करायची गरज नाही’ असे स्पष्ट लिहायचे. तिसरा, नोकरीची जाहिरात आणि बातमी यांची सरमिसळ करायची नाही. आपली मुले नोकरीच्या आशेने पैसे भरून फसतात. पैसे भरा आणि नोकरी मिळवा, अशा कोणत्याही गोष्टीला आमच्याकडे जागा नाही.

भाषेबद्दल लोक विचारतात की अवघड मराठी शब्द वापरणार का. नाही. कामावर मुले ‘सर्व्हर’ म्हणतात, ‘बग’ म्हणतात, ‘टेस्टिंग’ म्हणतात. तेच शब्द देवनागरीत लिहायचे आणि वाक्य मराठी ठेवायचे. शब्द परका असला तरी चालतो, समजावणे आपले हवे.

मुलाखतींवर मात्र आम्ही सर्वांत जास्त मेहनत घेत आहोत. १९८६ मध्ये सुझन लॅमर्स यांनी १९ प्रोग्रॅमरांच्या मुलाखतींचे पुस्तक केले. २००९ मध्ये पीटर सायबेल यांनी १५ जणांच्या मुलाखती घेतल्या. सायबेल स्वतः प्रोग्रॅमर. त्यांनी काही प्रश्न जवळजवळ सर्वांनाच विचारले. तुम्ही शिकलात कसे? चूक सापडत नसेल तेव्हा काय करता? दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम वाचता का? मोठमोठ्या माणसांची उत्तरे वाचून धीर येतो, कारण तेही आपल्यासारखेच अडतात. कोणी कागदावर आकृती काढतो, कोणी मध्येमध्ये छापील खुणा टाकून चूक शोधतो.

आम्ही सरावासाठी काही मुलाखती घेतल्या. त्यातली एक सांगतो. जव्हारकडच्या एका पाड्यावरून आलेली, वसतिगृहात राहून शिकलेली एक मुलगी आज लोअर परळच्या एका कचेरीत सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करते. तिचे नाव सांगत नाही, तिची तशी इच्छा आहे. आमच्यातला एक तरुण प्रश्न घेऊन गेला होता. घरी वीज होती का, शाळा किती लांब होती, वडील काय करत, असे सगळे. तिने दोन-तीन उत्तरे दिली आणि म्हणाली, “दादा, हे मला सगळेच विचारतात. मी काम काय करते ते तुम्ही कधी विचारणार?”

मग त्याने विचारले. आणि ती दीड तास बोलली. पहिल्या तीन महिन्यांत बैठकीतले इंग्रजी कळत नसे, तेव्हा ती ऐकू येईल तसे शब्द देवनागरीत वहीत लिहायची आणि रात्री अर्थ शोधायची. अशा तिच्या चार वह्या भरल्या आहेत. ती सांगत होती की फॉर्ममध्ये नाव लिहायच्या जागी ती नेहमी आपल्या गावाकडची नावे टाकून पाहते. ज्याला आडनाव नाही, ज्याची जन्मतारीख माहीत नाही, ज्याच्या पत्त्यात रस्त्याचे नाव नाही, फक्त पाड्याचे आहे. अशा वेळी प्रोग्रॅम अडतो. तिच्या कचेरीत हे दुसऱ्या कोणाच्या ध्यानात आले नव्हते. तिने लिहून दिल्यावर तो फॉर्म बदलला गेला. विचार करा, असा एखादा फॉर्म शिष्यवृत्तीचा किंवा रेशनचा असता, तर त्या एका अडलेल्या चौकोनामुळे किती माणसे परत गेली असती! ही तिची खरी मुलाखत. ती वाचून नवा मुलगा चाचणी कशी घ्यावी हे शिकेल, आणि त्याला हेही कळेल की तो जे गाव मागे ठेवून आला, ते या कामात उपयोगी पडते.

त्या दिवसापासून आम्ही ठरवले की पहिला प्रश्न कामाचा विचारायचा. गरिबीचा, कष्टाचा विषय माणसाने स्वतः काढला तर जरूर ऐकायचा, पण आपण उकरून काढायचा नाही. छापण्यापूर्वी मजकूर त्याला वाचून दाखवायचा. त्याला नाव नको असेल तर नाव द्यायचे नाही. कचेरीची गुपिते विचारून कोणाची नोकरी धोक्यात आणायची नाही. आणि मोठ्या हुद्द्यावरच्या एकाची मुलाखत घेतली, तर कामाला लागून दोन वर्षेही न झालेल्या एकाची घ्यायची.

राहिला प्रश्न पैशाचा. चांगली पत्रे बहुधा इथेच अडखळतात, ‘दीनबंधू’चे आपण पाहिलेच. अमेरिकेत जोनाथन कॉर्बेट आणि एलिझाबेथ कूलबॉ यांनी जानेवारी १९९८ मध्ये ‘लिनक्स वीकली न्यूज’ सुरू केले. दर गुरुवारी प्रोग्रॅमरांसाठी बातम्या. साडेचार वर्षांनी, २००२ च्या जुलैमध्ये, त्यांनी जाहीर केले की आता चालवणे परवडत नाही, बंद करतो. तेव्हा वाचकांनी न मागता पैसे पाठवले. मग त्यांनी वर्गणी सुरू केली. वर्गणीदाराला ताजा अंक आधी मिळतो आणि काही दिवसांनी तोच सर्वांना मोफत खुला होतो. ज्याला परवडते तो भरतो, ज्याला परवडत नाही तोही वाचतो. ते पत्र आजही चालू आहे.

आम्ही हीच रीत घेणार आहोत. खर्च फार नाही. जागा भाड्याची नाही, छपाई नाही. खर्च आहे तो लिहिणाऱ्यांच्या वेळेचा. नोकरी सांभाळून रात्री लिहिणारा माणूस वर्षभर टिकतो, नंतर दमतो. एक्सझेडच्या त्या एकट्या माणसाची गोष्ट आम्ही विसरलेलो नाही. म्हणून दर आठवड्याचा आग्रह न धरता पंधरवड्याला एक अंक काढायचा, आणि प्रत्येक कामाला दोन माणसे ठेवायची, म्हणजे एक आजारी पडला तरी अंक निघेल.

शेवटी आपल्याकडे माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, आपल्या घरात, मंडळीत, चाळीत जो कोणी हे काम करतो किंवा शिकतो, त्याची आमच्याशी ओळख करून द्या. मुलगी असेल तर विशेष आनंद. दुसरी, आपल्यात निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत. मजकूर शुद्ध आणि सोपा करून देणारे हात आम्हाला हवे आहेत. संगणकाचे ज्ञान लागणार नाही. एखादे वाक्य तुम्हाला समजले नाही तर ते आम्हाला परत लिहायला लावा, एवढेच करायचे. तिसरी, ज्यांना शक्य आहे त्यांनी एका वसतिगृहाच्या वतीने वर्गणी भरावी, म्हणजे तिथल्या मुलांना ताजा अंक पहिल्याच दिवशी वाचता येईल.

आणि पुढच्या वेळी सुट्टीत आपल्या घरी असा एखादा मुलगा किंवा मुलगी आली, तर पगार किती असे विचारण्याआधी, “बाळा, तू नेमके काय काम करतोस, मला सांग,” असे विचारा. त्याला आपल्या भाषेत ते सांगता येते का पाहा. अडखळला तरी सांगू द्या. आमची पहिली मुलाखत कदाचित तिथूनच मिळेल.